तिसरी ट्रायल

"अगं, बोलला की तो!"

आजी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून मेथी निवडत बसल्या होत्या. मांडीवर परात, पायाशी ओक ट्री रोडवरच्या दुकानाची पिशवी. मी आणि त्यांचा नातू खाली निळ्या चटईवर समोरासमोर. माझ्या एका हातात पाण्याची छोटी बाटली, गुडघ्यापाशी टॅबलेट. बाटली त्याला दिसेल अशी धरायची आणि पाच सेकंद थांबायचं. तो 'वॉटर' म्हणाला, अगदी 'वॉ' एवढंच म्हणाला, तरी क्षणाचाही वेळ न घालवता पाणी द्यायचं. काहीच आलं नाही तर आपण 'वॉटर' म्हणून दाखवायचं आणि त्याने मागून म्हटलं की द्यायचं. अशा रोज दहा ट्रायल. जानेवारीपासून आम्ही हे करत होतो आणि मे महिना लागला तरी आपणहून आलेल्या शब्दाच्या रकान्यात शून्यच होतं. त्या दिवशी तिसऱ्या ट्रायलला मी बाटली धरली, मनात आकडे मोजू लागले. त्याने भिंतीकडे पाहिलं, दोन्ही हात खांद्याजवळ फडफडवले आणि म्हणाला, "पानी." ण नव्हता त्यात, पण बाकी सगळं होतं.

मी अडखळले. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण अडखळले एवढं नक्की. मग जे शिकवलंय ते केलं. बाटली तशीच धरून 'वॉटर' म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, 'वॉ' म्हटलं, मी पाणी दिलं. टॅबलेटवर तिसऱ्या ट्रायलपुढे मायनस दाबला. तेव्हाच दारातून आजी बोलल्या होत्या.

"हो आजी, पण प्रोग्रॅममध्ये 'वॉटर' आहे ना," मी म्हणाले.

आजी काही बोलल्या नाहीत. परत मेथीची पानं खुडू लागल्या. पण घरी जाताना सिग्नलला गाडी उभी राहिली आणि माझंच वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं. तहानलेल्या मुलाने पाणी मागितलं, तेही आयुष्यात पहिल्यांदा शब्दाने, आणि मी त्याला सांगितलं की असं नाही, तसं माग. रात्री भांडी घासतानाही तेच. नळ सोडला तरी तेच.

मी आरबीटी आहे, रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन. ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी जाऊन एबीएची, म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिसची, सेशन घेते. न्यू जर्सीत आल्यावर बरीच वर्षं कामाचा परवाना नव्हता. तो मिळाला तेव्हा नाशिकची बी.कॉम.ची पदवी आणि लहान मुलांची आवड एवढंच गाठीशी होतं. 40 तासांचं प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष करून दाखवायची चाचणी, मग 90 मिनिटांत 85 प्रश्नांची परीक्षा. हे पद 2014 पासूनचं. कामाची विभागणी अगदी स्वच्छ आहे: मुलाला काय शिकवायचं ते बीसीबीए, म्हणजे बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट, ठरवते, ती आमची सुपरव्हायझर. आम्ही ते लिहिलंय तसं करायचं आणि मोजायचं. प्रोग्रॅममध्ये आपल्या मनाने बदल करायचा नाही. हा नियम मला तेव्हाही पटत होता, आजही पटतो. दहा टेक्निशियनांनी आपापल्या मनाने दहा गोष्टी केल्या तर मूल कशाने शिकलं आणि कशाने अडलं, हे कुणालाच कळणार नाही. म्हणून तर तो मायनस जास्त सलत होता. मी चुकीचं काही केलं नव्हतं. (मुलाची ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत. तो या कामाचा नियम आहे आणि त्याचा हक्कही.)

या कामाने माझ्यावर सगळ्यात मोठा उपकार केला तो विशेषणं काढून घेण्याचा. आपल्याकडे मुलांसाठी किती विशेषणं! हट्टी, द्वाड, आगाऊ, मठ्ठ, लाडावलेला, घुमा. सेशनच्या नोंदीत यातलं एकही चालत नाही. 'चिडला' हेसुद्धा चालत नाही, कारण चिडणं दिसत नाही. दिसतं ते असं: दोन्ही तळहात टेबलावर आपटले, 6 वेळा, 40 सेकंद. मग त्या आधी काय झालं होतं ते एका रकान्यात आणि नंतर काय झालं ते दुसऱ्या रकान्यात. आधी: 'खेळ आवर' असं सांगितलं. नंतर: आवरायचं राहिलं. असे वीस-पंचवीस प्रसंग एकाखाली एक लिहिले की कागद बोलायला लागतो. मूल हे कशासाठी करतंय? कुणी लक्ष द्यावं म्हणून, नकोशा गोष्टीतून सुटका व्हावी म्हणून, एखादी वस्तू मिळावी म्हणून, की ती कृतीच त्याच्या अंगाला बरी वाटते म्हणून? स्वतःलाच इजा करून घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे कसं तपासायचं, याची पद्धत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली मांडली, आणि तेव्हापासून 'हे कसं थांबवायचं' या प्रश्नाच्या आधी 'हे कशासाठी आहे' हा प्रश्न येऊन बसला. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा मला आमचा दुसरीचा वर्ग आठवला.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. तास बदलल्याची घंटा वाजली की तो कानांवर हात दाबायचा आणि बाकावरून उठून दाराकडे पळायचा. लोखंडी पट्टीवर लोखंडाचाच दांडा मारून वाजवायची घंटा, आमच्या वर्गाच्या अगदी बाहेर टांगलेली. बाई त्याला 'येडा' म्हणायच्या, मग आम्हीही म्हणायचो. मीही म्हणायचे. पळाला की शिक्षा ठरलेली: व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, तास संपेपर्यंत उभं राहायचं. तो तिथे टाकीच्या थंड सिमेंटला गाल लावून उभा राहायचा. मला ते खिडकीतून दिसायचं. वर्षभर शिक्षा झाली आणि वर्षभर पळणं वाढतच गेलं, आणि बाई म्हणायच्या, हा शिक्षेलाही बधत नाही. आज तीन रकाने आखले तर पहिलीतलं पोरही सांगेल. आधी: कानठळ्या बसवणारा आवाज, चाळीस मुलांचा गोंगाट. कृती: पळाला. नंतर: शांतता, सावली, गार टाकी. बाई ज्याला शिक्षा म्हणत होत्या तीच त्याची सुटका होती, आणि पळालं की ती मिळते हे त्याला बाईच रोज शिकवत होत्या. त्याला बोलता येत असतं तर 'बाई, आवाज सहन होत नाही' एवढं त्याने सांगितलं असतं. तो पुढे शाळेत दिसला नाही. कुठे गेला ते आम्ही विचारलंही नाही.

तर, नंतर काय मिळतं यावर पुढच्या वेळी काय होणार ते ठरतं. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला प्रबलन म्हणतात. आम्ही कामावर रीइन्फोर्समेंटच म्हणतो. लोकांना ती लाच वाटते. आजींनाही वाटायची. "चॉकलेट दाखवून काम करून घेतेस होय?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. पण या मुलाला चॉकलेट नकोच होतं. त्याला काय आवडतं हे शोधायला मी गाडी, फुगे, दिवे लागणारा चेंडू, बिस्किट असं सगळं चटईवर मांडलं, पहिलं काय उचलतो, दुसरं काय, ते लिहिलं. त्याने एकाकडेही ढुंकून पाहिलं नाही. उठून तो स्वयंपाकघरात गेला आणि आजींच्या मिसळणाच्या डब्याचं झाकण घेऊन आला. स्टीलचं, कडेला थोडं चेपलेलं. फरशीवर उभं करून त्याने ते असं फिरवलं की माझ्याच्याने नजर काढवेना. फिरताना ते आधी गुणगुणतं, मग वेग कमी झाला की खणखणायला लागतं, आणि शेवटी जमिनीला टेकताना एकच लांब थरथर. त्या थरथरीच्या वेळी तो गाल जमिनीला लावायचा. महिनाभर आम्ही त्या झाकणावर काम केलं. आजींनी डब्यावर ताटली झाकायला सुरुवात केली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रीइन्फोर्सर आपण ठरवायचा नसतो, तो मुलाकडून कळतो, हे प्रशिक्षणात वाचलं होतं. समजलं त्या झाकणाने.

आणखी एक गोष्ट मला ओळखीची वाटली होती. प्रॉम्प्ट, म्हणजे मदत, आणि ती मदत पायरी-पायरीने काढून घेणं. आधी हातावर हात ठेवून, मग फक्त मनगटाला, मग कोपराला, मग नुसतं बोट दाखवून, मग काहीच नाही. आईने मला पाटीवर 'श्री' असाच तर गिरवायला लावला होता. तिची मूठ माझ्या मुठीवर, पेन्सिलीचा कर्रर्र आवाज, तिच्या हाताला लसणाचा वास. ती मूठ कधी सैल झाली ते मला कळलंच नाही, आणि कळू नये यातच सगळं कसब आहे. लवकर सोडली तर मूल चुकतं आणि चूकच गिरवतं. उशिरा सोडली तर ते आपल्या मुठीची वाट बघत बसतं. चार महिने 'वॉटर'चं तेच झालं असावं. पाच सेकंद थांबलं की ही बाई स्वतःच म्हणून दाखवते, मग आपण 'वॉ' म्हणायचं आणि पाणी मिळतं, हे तो पक्कं शिकला होता.

सगळंच असं पाटी-पेन्सिलीसारखं मऊ नाही. हे काम करणाऱ्यांनी हेही लिहायला हवं. ही पद्धत ऑटिझमसाठी गाजली ती मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांच्या 1987 सालच्या निबंधाने. लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठात 19 लहान मुलांना आठवड्याला 40 तास, दोन वर्षं किंवा अधिक शिकवलं, आणि त्यातली 9 मुलं साध्या पहिलीच्या वर्गात जाऊन बसली. पालकांना त्या आकड्याने जी आशा दिली ती मी रोज घराघरांत बघते. पण त्याच कामात जोराने 'नो' ओरडणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. आज आम्ही तसं काही करत नाही. तरीही लहानपणी या थेरपीतून गेलेली, आता मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं जे सांगतात ते ऐकताना माझी मान खाली जाते. हात फडफडवू नकोस, डोळ्यांत बघ, सारखं दुसऱ्यासारखं वाग. आणि त्या सगळ्या वर्षांत तुला काय होतंय हे कुणी विचारलं नाही. माझ्या पहिल्या वर्षी मीही एका मुलाचे फडफडणारे हात खाली करून मांडीवर ठेवायला शिकवण्याचा प्रोग्रॅम चालवला आहे. दोन महिने. आलेख छान खाली आला होता. ते हात कुणाला त्रास देत होते, हा प्रश्न मी विचारायला हवा होता आणि विचारला नाही.

आणि रडणं. एका मुलीला रडलं की टॅबलेट मिळायचा. ठरलं की आता रडण्यावर द्यायचा नाही. अशा वेळी रडणं कमी व्हायच्या आधी एकदम वाढतं, त्याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि सतरा मिनिटं त्या खोलीत बसणं वेगळं. जिन्यात तिची आई कठड्याला धरून उभी होती, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. चौथ्या दिवसापासून रडणं ओसरलं हे खरं. नंतर आलेल्या सुपरव्हायझरने पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर टॅबलेटचं चित्र असलेलं एक कार्ड त्या मुलीच्या हातात दिलं. कार्ड दिलं की टॅबलेट. रडण्याने जे मागितलं जात होतं तेच मागायचा दुसरा रस्ता. कार आणि ड्युरांड या संशोधकांनी 1985 सालीच हे दाखवून दिलं होतं. मुलगी दोन दिवसांत कार्ड द्यायला लागली. ती सतरा मिनिटं टळली असती. मला ती अजून ऐकू येतात.

मागायचा रस्ता. 'पानी'वर माझं मन पुन्हा पुन्हा येऊन थांबत होतं ते याच शब्दांमुळे.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने 1957 साली भाषेबद्दल जे मांडलं, त्यावर आमचं हे बोलणं शिकवण्याचं काम उभं आहे. शब्द कसा ऐकू येतो यापेक्षा तो काय करतो हे बघा, असं त्याचं म्हणणं. तहान लागली म्हणून उच्चारलेला आणि पाणी मिळवून देणारा शब्द म्हणजे 'मँड', मागणी. नदी बघून 'पाणी' म्हणणं ही वेगळी गोष्ट, कुणी म्हटलं म्हणून मागून म्हणणं ही तिसरीच. आवाज एकच असेल, तरी कामं तीन. आणि उलट, आवाज निराळे असले तरी काम एक असू शकतं. म्हणजे त्या दिवशी ज्या शास्त्राच्या नावाने मी मायनस दाबला, त्या शास्त्राप्रमाणेच तो प्लस होता. मागून म्हटलेला 'वॉ' ही मागणी नव्हेच; खरी मागणी 'पानी' हीच होती. हे मला रात्री साडेअकराला, ओट्यापाशी उभं असताना लख्ख दिसलं.

घरात मराठी बोलू नका, फक्त इंग्रजी बोला, मूल गोंधळेल, असा सल्ला या आईवडिलांना सुरुवातीला मिळाला होता. कितीतरी मराठी, तेलुगू, गुजराती घरांत मी हे ऐकलंय. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण घाबरलेल्या आईला कुणी हे सांगायला बसत नाही. तिने अंगाईसुद्धा सोडून दिली होती. मग मार्चमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर कराडकडून आजी आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे तो सल्ला पाळायचा प्रश्नच नव्हता. त्या स्टीलचा पेला घेऊन त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या, "पाणी पाहिजे का माझ्या सोन्याला?" म्हणायच्या आणि गप्प राहायच्या. त्यांना कसलीच घाई नसायची. पाच सेकंद नाही, कधी अर्धा मिनिट. पेला हातात, नजर त्याच्यावर. मी दोन महिने हे बघत होते आणि माझ्या नोंदीत त्याला कुठे जागा नव्हती.

महिन्याच्या एकूण तासांपैकी किमान 5 टक्के तास आमच्यावर देखरेख व्हावी लागते. मंगळवारी सुपरव्हायझर आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिचं स्वतःचं घर स्पॅनिश बोलणारं. तिने ऐकून घेतलं, एकच विचारलं, "त्या वेळी पाणी समोर होतं आणि त्याला ते हवं होतं?" मी हो म्हटलं. तिने तिथेच प्रोग्रॅम उघडला आणि बदलला: 'पाणी' किंवा 'वॉटर', दोन्ही बरोबर. शाळेत मात्र 'वॉटर'च लागेल, कारण तिथल्या मदतनीस बाईला 'पाणी' कळणार नाही आणि तहानलेलं मूल तसंच बसून राहील. म्हणून ते थांबवायचं नाही, त्याच्या जोडीला शिकवायचं. मग तिने आजींना चटईवर बोलावलं आणि मला म्हणाली, त्या कशा थांबतात ते मोज. आजी पदर खोचून बसल्या, जराशा लाजल्या. जुन्या नोंदीला हात लावता येत नाही. मे महिन्याच्या आलेखात तो मायनस तसाच आहे.

जून-जुलैत 'पाणी' रोज येऊ लागलं. दहातले चार, सहा, मग नऊ. कधी बाटलीकडे बघून, कधी पेला हातात घेऊन मागून येत माझ्या पाठीला टेकवून. ऑगस्टमध्ये आईने मला दारातच थांबवून सांगितलं की रात्री दोनला तो उठून बसला, अंधारात 'पाणी' म्हणाला, आणि ती इतकी गडबडली की तिने आधी दिवा लावला, मग त्याला जवळ घेतलं, मग आठवलं की पाणी द्यायचंय. हे सांगतानाही तिचा आवाज स्थिर नव्हता. अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिसमधल्या 'अप्लाइड'चा अर्थ बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी 1968 साली असा लावला होता की, जे बदलायचं ते त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाचं असलं पाहिजे. रात्री दोन वाजता अंधारात पाणी मागता येणं.

सप्टेंबरात आजी परत गावी गेल्या. झाकण त्यांनी इथेच ठेवलं. त्यानंतरच्या सोमवारी सेशनमध्ये आम्ही ठोकळे रचत होतो. तो मध्येच उठला, आजी ज्या खोलीत झोपायच्या तिच्या बंद दारापाशी गेला आणि म्हणाला, "आजी." मी घड्याळ बघितलं, 4 वाजून 12 मिनिटं. हा शब्द कुठल्याच प्रोग्रॅममध्ये नव्हता. आम्ही कुणी शिकवला नव्हता. त्याने दाराला तळहात लावला आणि पुन्हा म्हणाला, "आजी." मागणी होती ती, आणि मागितलेलं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आई ओल्या हातांनी तिथेच उभी होती, तिनेही ऐकलं होतं.

"तिकडे पावणेदोन वाजलेत रात्रीचे," ती म्हणाली. आणि हात पुसता पुसताच तिने फोन उचलला.

बराच वेळ रिंग वाजली. मग काळा पडदा, खडबड, दिव्याचं बटण, आणि चष्म्याशिवायचा, केस सुटलेला आजींचा चेहरा. "काय झालं गं? बरं आहे ना पोर?" आईने काही न बोलता फोन त्याच्यासमोर धरला. त्याने पडद्याकडे बघितलं, आजींच्या कपाळावर बोट ठेवलं, हात दोनदा फडफडवले आणि परत ठोकळ्यांकडे गेला. मी नोंद लिहायला टॅबलेट घेतला. मागे आजी विचारत होत्या, "सोन्या, पाणी प्यायलास का रे?" आणि थांबल्या होत्या, नेहमी थांबायच्या तशा.